मोतीबिंदूचे मशीन : पंप कोणता, आणि प्रश्न कोणते?

मागच्या महिन्यात वस्तीतील एक आजी हातात कागद घेऊन आमच्याकडे आल्या. डोळ्याच्या एका खाजगी दवाखान्याने मोतीबिंदूचे दोन दर लिहून दिले होते. एक साध्या मशीनचा, दुसरा 'व्हेंच्युरी पंपवाल्या' मशीनचा, जवळजवळ दुप्पट. नातू म्हणाला, "बचत गटातून कर्ज काढू, पण चांगल्याच मशीनवर करू." नातवाची माया खरी आहे. पण कर्ज काढण्याआधी हा पंप काय करतो, ते समजून घेऊया.

डोळ्यात पंप कशाला?

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील पारदर्शक भिंग गढूळ होणे. तो थेंबांनी किंवा गोळ्यांनी जात नाही. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवावे लागते. १९६७ साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांनी त्यासाठी 'फेको' पद्धत आणली. आज या पद्धतीत अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून बारीक सुई आत जाते, कंपनाने भिंग फोडते आणि तुकडे ओढून घेते. ही ओढ पंप देतो. त्याच वेळी वरच्या बाटलीतून सलाईनसारखे द्रव डोळ्यात येत असते. जेवढे बाहेर जाईल, तेवढे आत आलेच पाहिजे. कारण डोळ्याच्या त्या पुढच्या कप्प्यात जेमतेम पाव मिलिलिटर पाणी मावते.

दोन पंप, दोन रीती

पहिला पेरिस्टाल्टिक. यात फिरणारे रूळ मऊ नळी दाबत पुढे सरकतात आणि नळीतले पाणी पुढे ढकलतात. डायलिसिसच्या यंत्रातही असाच पंप असतो. यात पाण्याचा वेग आणि ओढीची मर्यादा डॉक्टर वेगवेगळी ठरवू शकतात. सुईच्या तोंडाशी तुकडा अडकला की मगच जोराची ओढ तयार होते.

दुसरा व्हेंच्युरी. डासांचे औषध फवारायचा जुना हातपंप आठवा. हवा जोराने गेली की डब्यातले औषध वर ओढले जाते. इथे दाबाखालच्या हवेने तसेच होते. पायाखालचे पेडल दाबताच ओढ सुरू होते. तुकडे आपणहून सुईकडे येतात, काम झटपट होते. पण वेग आणि ओढ एकत्रच वाढतात, म्हणून पायावर ताबा हवा. काही मशीनमध्ये दोन्ही पंप असतात.

धोका दोन्हींत आहे. शहाळे पिताना स्ट्रॉमध्ये मलई अडकते, आपण जोर लावतो आणि ती सुटली की घोट एकदम तोंडात येतो. डोळ्यातही अडकलेला तुकडा सुटला की पाणी एकदम खेचले जाते. त्या झटक्यात भिंगामागचा पातळ पडदा फाटू शकतो. नवीन मशीन हा झटका कमी करतात, पण तो ओळखून पाय आवरणारा माणूसच असतो.

मग चांगला कोणता?

डोळा कसा आहे आणि डॉक्टरांचा हात कशावर बसला आहे, यावर ते ठरते. नाजूक डोळ्यात बरेच डॉक्टर पेरिस्टाल्टिकचा सावकाश ताबा पसंत करतात. मऊ मोतीबिंदूत आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत व्हेंच्युरीचा वेग उपयोगी पडतो. पंपाची निवड डॉक्टरांचे काम आहे. केवळ त्याच्या नावावर दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट. पंपाशिवायही मोतीबिंदू निघतो. सहा-सात मिलिमीटरच्या छेदातून अखंड भिंग हाताने काढतात आणि बहुधा टाके लागत नाहीत. पुण्यात ४०० रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय चांगले दिसणारे फेकोमध्ये सुमारे ८१ टक्के, तर हाताच्या पद्धतीत ७१ टक्के होते. योग्य चष्मा दिल्यावर मात्र दोन्हीकडे सुमारे ९८ टक्के लोकांना चांगले दिसू लागले. फेकोचा फायदा खरा आहे, पण तो एवढाच आहे. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया आणि भिंग मोफत मिळते, हेही लक्षात ठेवा.

हे प्रश्न कागदावर लिहून न्या

१. माझ्या डोळ्यासाठी कोणती पद्धत, आणि का?
२. शस्त्रक्रिया कोण करणार? त्यांचा या मशीनवरचा सराव किती?
३. मशीन, भिंग, तपासण्या, औषधे यांचा वेगवेगळा खर्च लिहून द्याल का?
४. पडदा फाटलाच तर पुढची सोय इथेच आहे का?

आपणही काही सांगायचे असते. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, सगळे सांगा. पुरुषांनी प्रोस्टेटसाठी लघवीची गोळी घेतली असेल, तर ती आवर्जून सांगा. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि पाण्याच्या प्रवाहात लहरू लागतो. आधी कळले तर डॉक्टर पंपाचा वेग कमी ठेवतात. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळची वाट पाहू नका.

आजी हे प्रश्न घेऊन पुन्हा गेल्या. तेव्हा कळले की दरातला बराचसा फरक पंपाचा नव्हताच, परदेशी भिंगाचा होता. आजींनी साधे भिंग घेतले. कर्ज काढावे लागले नाही.

'मोतीबिंदू पिकू दे, मग बघू' असे म्हणणारे आपल्या गल्लीत अजून आहेत. पिकलेले भिंग कडक होते आणि काढायला अवघड जाते. अशा माणसाला या आठवड्यातच तपासणीला घेऊन जा, आणि प्रश्नांचा कागद सोबत ठेवा.