तेरेखोलची वाट : सहलीपूर्वीचा अभ्यास

सहल ठरली की वर्गात पहिली चर्चा होते ती डब्यात काय न्यावे याची. ही चर्चा निरर्थक आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. उपाशी पोटी इतिहास कोणालाच सुचत नाही. परंतु ज्या सहलीत एका दिवसात चार वेळा राज्याची सीमा ओलांडावयाची आहे, घाट उतरावयाचा आहे आणि खाडीच्या मुखाशी जाऊन उभे राहावयाचे आहे, तिची तयारी डब्यापाशी थांबत नाही. बेळगावाहून तेरेखोलच्या किल्ल्यास जाणे ही अशीच एक सहल आहे. तिची तयारी हाच एक धडा कसा होऊ शकतो, हे या लेखात पाहू.

प्रथम नकाशा

तेरेखोल हे गोव्यातील पेडणे तालुक्याचे एक चिमुकले गाव. परंतु नकाशा उघडताच एक चमत्कारिक गोष्ट दिसते. गोव्याची उत्तर सीमा बऱ्याच अंतरापर्यंत तेरेखोल नदीच्या पात्रावरून जाते. हे गाव मात्र नदीच्या उत्तर तीरावर, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी गावाला खेटून आहे. भूमीने ते महाराष्ट्राला जोडलेले आणि राज्याने गोव्याला. असे का, याचे उत्तर भूगोलात मिळत नाही; ते इतिहासात शोधावे लागते. त्याकडे आपण पुढे वळू.

बेळगाव सोडल्यावर थोड्याच वेळात शिनोळीपाशी कर्नाटक संपून महाराष्ट्रातील चंदगड तालुका सुरू होतो. पुढे वेंगुर्ल्याकडे जाणारा हा जुना रस्ता आंबोलीस पोहोचतो. आंबोलीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच असून महाराष्ट्रातील अत्यंत पावसाळी ठिकाणांत त्याची गणना होते. येथे घटकाभर थांबून पाण्याच्या वाटा अवश्य समजून घ्याव्यात. आंबोलीस उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेकडे वळते, आपल्या बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेस मिळते आणि कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास जाते. घाटमाथ्याच्या पश्चिमेस पडलेले पाणी मात्र अल्पशा प्रवासात अरबी समुद्र गाठते. तेरेखोल नदी याच पश्चिम उतारावरची. एकाच ढगातले दोन थेंब दोन समुद्रांना जातात, आणि ही त्यांची सीमा कोणत्याही सरकारने आखलेली नाही.

घाट उतरल्यावर सावंतवाडी लागते. लाकडी खेळणी आणि गंजिफा यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या नगरीहून शिरोडा व रेडी या मार्गाने तेरेखोल गाठता येते. एकूण अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटरांच्या दरम्यान पडते. घाट आणि अरुंद रस्ते ध्यानात घेऊन जाण्यासच पाच तास धरावेत. पहाटे निघाले तरच दिवस पुरेल.

कागदपत्रांची शिदोरी

सीमेवर आता प्रवाशाला कोणी अडवीत नाही. वाहनाला मात्र नियम आहेत. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यात दिलेला प्रवासी वाहनाचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. म्हणून भाड्याची बस ठरविताना तिला तिन्ही राज्यांत चालणारा पर्यटक परवाना आहे, की या फेरीसाठी विशेष परवाना काढावा लागेल, हे आधी विचारावे. नोंदणी, विमा, वाहन सुस्थितीत असल्याचा दाखला, प्रदूषण तपासणीचा दाखला आणि चालकाचा परवाना ही कागदपत्रे जवळ असावीत. चालकाचा परवाना साऱ्या भारतात चालतो, वाहनाचा चालतोच असे नाही. हा फरक नागरिकशास्त्राच्या तासाला उदाहरण म्हणून घेण्यासारखा आहे.

पेट्रोल व डिझेल यांवर प्रत्येक राज्य आपापला कर बसविते, त्यामुळे तिन्ही राज्यांत त्यांचे दर सारखे नसतात. तिन्ही दर टिपून खर्चाचा अंदाज बांधणे हे गणिताचे उत्तम उदाहरण होईल. खाडीकाठच्या आडगावी मोबाईलला संदेश-लहरी मिळतीलच असा भरवसा नाही. तेव्हा सुटे पैसे, कागदी नकाशा आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेली वही या तीन गोष्टी बरोबर हव्यातच.

आणखी एक दक्षता आपल्या भागातील लोकांना सांगावयास नकोच. महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यामधील सीमावादाचा दावा 2004 सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावरून वातावरण तापले म्हणजे दोन्ही राज्यांतील बसगाड्या मध्येच थांबतात. डिसेंबर 2022 मध्ये असे घडले होते. म्हणून निघण्यापूर्वी दोन दिवसांची वर्तमानपत्रे वाचावीत, आणि सहलीसाठी पर्यायी दिवस आधीच ठरवून ठेवावा.

भरती-ओहोटीचे गणित

पावसाळ्यात हा बेत करू नये. आंबोली घाटात दरडी कोसळतात, धुक्यात समोरचे वाहन दिसत नाही आणि समुद्रही खवळलेला असतो. मार्गशीर्ष-पौषाचे दिवस उत्तम.

तेरेखोलहून नदीपलीकडच्या केरी गावास जाण्यासाठी फेरीबोट आहे. मोठ्या बसगाडीने तिचा भरवसा धरू नये. विद्यार्थ्यांनी फेरीतून पलीकडे जावे आणि बसने आरोंदा-किरणपाणी पुलावरून वळसा घालून केरीस यावे, हे सोयीचे. परंतु ओहोटीला पाणी उथळ झाले म्हणजे फेरी खोळंबू शकते. तेव्हा समुद्राची वेळ आधी काढावी लागते.

आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, म्हणून आजची भरती उद्या जवळजवळ 50 मिनिटे उशिरा येते. कोकणातील जुनी माणसे हे गणित पंचांगावरून करीत : तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. चंद्राच्या गतीवर बसविलेला हा आडाखा फार सुंदर आहे. मात्र तो स्थूल आहे. बंदराबंदरांत तास-दीड तासाचा फरक पडतो. म्हणून आडाख्याने उत्तर काढावे, छापील तक्त्याशी ताडून पाहावे आणि निर्णय तक्त्यावरूनच घ्यावा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची. कोणतीही तिथी असो, नदीच्या मुखाशी पोहावयास उतरू नये. ओहोटीचे पाणी समुद्राकडे ओढ घेते आणि त्या ओढीपुढे तळ्यात शिकलेले पोहणे कामास येत नाही.

किल्ल्याने पाहिलेला काळ

तेरेखोलचा किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसले यांनी बांधला. ज्याच्या हाती हे टेकाड त्याच्या हाती नदीचे मुख, हे पोर्तुगीजांनी ओळखले आणि 1746 साली किल्ला जिंकून घेतला. उत्तर तीरावरचे हे गाव गोव्याकडे राहिले ते या लढाईमुळे. नकाशावरील विचित्र रेषेचे उत्तर ते हेच.

भारत स्वतंत्र झाल्यावरही ही रेषा परकी सत्तेची सीमा म्हणून उरली. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची एक तुकडी या किल्ल्यात शिरली आणि तिने तिरंगा फडकविला. थोड्याच अवधीत त्यांना पकडून तुरुंगात टाकण्यात आले. मुक्तिलढ्यात प्राण वेचलेले हिरवे गुरुजी व शेषनाथ वाडेकर यांचे स्मरण आजही तेरेखोलला केले जाते. हिरवे गुरुजी पेशाने शिक्षक होते, हे सांगताना आम्हा शिक्षकांचा ऊर भरून येतो. पुढे 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. ज्या रेषेसाठी माणसे तुरुंगात गेली, ती आपण शेंगदाणे खात खात ओलांडणार आहोत. निदान त्या क्षणी बसमध्ये शांतता असावी.

किल्ल्याच्या वास्तूत कित्येक वर्षे हॉटेल चालविले गेले आहे, म्हणून आत प्रवेश केव्हा मिळतो याची चौकशी आधी करावी. आतील सेंट आंतोनच्या चर्चमध्ये देवळात पाळतो तीच शिस्त पाळावी. वाटेवरील शिरोड्यासही थांबावे. 1930 साली तेथे मिठाचा सत्याग्रह झाला, आणि वि. स. खांडेकरांनी 1920 ते 1938 या काळात तेथील शाळेत अध्यापन केले.

भाषेचा शिष्टाचार

या वाटेवर कान उघडे ठेवावेत. बेळगावात कानडी आणि मराठी, घाटमाथ्यावर चंदगडी वळणाची मराठी, सावंतवाडीस मालवणी आणि तेरेखोलला कोकणी, अशी भाषा हळूहळू रंग बदलते. ती नेमकी कोणत्या मैलाच्या दगडापाशी बदलली हे कोणालाच सांगता यावयाचे नाही. पगार, चावी, बटाटा, लिलाव हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि परवाना न काढता सगळीकडे पसरले. गोव्यात 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली असून मराठीच्या वापरासही त्यात स्थान आहे.

आम्ही घरी कोकणी बोलतो आणि शाळेत मराठी शिकवितो. दोन्ही भाषांनी आम्हाला वाढविले आहे. त्या अधिकाराने एकच विनंती करतो : तेथील मुलांच्या उच्चारांना हसू नका, आणि ‘तुमची भाषा म्हणजे मराठीच ना?’ असे विचारून त्यांना अवघडवू नका. ‘हे कोकणीत कसे म्हणतात?’ असे विचारा, आणि उत्तर वहीत टिपून घ्या. सीमाभागातील आपल्याला भाषेचा मान म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. आपल्या घराघरांत ती वेदना आहे. स्वतःच्या भाषेसाठी आपण जो मान मागतो, तो वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक भाषेला, कानडीलाही, आपण दिला पाहिजे. नाही तर आपले मागणे पोकळ ठरेल.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, निघण्यापूर्वी चार गट करा. एकाने नकाशा काढावा, दुसऱ्याने खर्च व कागदपत्रे पाहावीत, तिसऱ्याने तिथी आणि भरतीचा तक्ता मांडावा, चौथ्याने इतिहासाची टिपणे करावीत. परतल्यावर हे चारही कागद वर्गाच्या भिंतीवर लावा आणि प्रत्यक्षात काय निराळे निघाले ते त्यांवर लाल शाईने लिहा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तेच कागद उपयोगी पडतील.