पत्ता कळविणे

क्लीव्हलँड, ओहायो
कार्तिक वद्य द्वितीया

चि. मृणाल हीस,

परवा रात्री तुझ्या आईचा वाईहून दूरध्वनी आला. प्रकृतीची आणि हळदीच्या भावाची चौकशी होऊन गेल्यावर, जणू काही विशेष घडलेच नाही अशा स्वरात तिने सांगितले की, तू न्यूजर्सीतील बिऱ्हाड मोडून टेक्सासात गेलीस त्याला आता तीन आठवडे होत आले. आणि मी 'टेक्सासात कुठे?' असे विचारले तेव्हा त्या माउलीला त्या तीन अक्षरांपलीकडे काही सांगता येईना. आठच दिवसांपूर्वी आमच्या मंडळाच्या दिवाळी संमेलनात एका गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितले होते की, नागरिकत्वाचा अर्ज प्रलंबित असताना जो राज्य बदलतो त्याचा अर्ज रद्द होतो, भरलेले शुल्क बुडते आणि नव्या राज्यात तीन महिने काढून सारे पहिल्यापासून करावे लागते. तेव्हा मी ते कानाआड केले होते. परवा तुझ्या आईचे बोलणे संपल्यावर मात्र ते शब्द माझ्या उशाशी येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी तुला दूरध्वनी केला. तू कामात होतीस. 'मामा, सगळं व्यवस्थित आहे, पत्ता पाठवते,' एवढेच म्हणालीस. तो पत्ता अद्याप आलेला नाही. म्हणून हे पत्र, एडिसनमधल्या ज्या मैत्रिणीकडे तू घराच्या किल्ल्या ठेवून गेलीस, तिच्याकरवी धाडीत आहे.

प्रथम त्या अफवेचा निकाल लावतो, कारण ती तुझ्याही कानी गेली असेल तर तू उगाच खचशील. तीन महिन्यांच्या वास्तव्याची अट आहे हे खरे. परंतु ती अर्ज दाखल करण्याच्या दिवशी पाहिली जाते, आणि तू आषाढात अर्ज केलास तेव्हा तुला न्यूजर्सीत राहून सहा वर्षे झाली होती. त्यानंतर माणूस राज्य सोडून गेला म्हणून अर्ज मरत नाही. न्यूअर्कच्या वा माउंट लॉरेलच्या कचेरीकडे जायचे ते प्रकरण नव्या मुक्कामाच्या हद्दीतील कचेरीकडे वर्ग होते. त्यात काही दिरंगाई होते, क्वचित बरीच होते, पण झालेले काम वाया जात नाही. त्या गृहस्थांना कायदा अर्धा ठाऊक होता.

मात्र हे सारे कोणासाठी? ज्याने आपला नवा पत्ता नागरिकत्वाच्या खात्याला कळविला आहे त्याच्यासाठी. आणि इथेच माझा जीव टांगलेला आहे. तुझी आई म्हणाली, 'तिने पोस्टात पत्ता बदलून घेतलाय, पत्रं आपोआप पुढं येतात.' मृणाल, तू एवढी शिकलेली मुलगी, संगणकाच्या एका खात्यातले दुसऱ्या खात्याला आपण सांगितल्याखेरीज कळत नाही हे इतरांना शिकवून पोट भरतेस, आणि स्वतःच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या कागदाच्या बाबतीत 'आपोआप' या शब्दावर विसंबून राहतेस? टपालखात्याला कळविले म्हणजे नागरिकत्वाच्या खात्याला कळले असे होत नाही. आणि त्या खात्याचे लखोटे टपालवाला पुढे धाडीलच असा भरवसा कोणी देत नाही. स्थलांतरानंतर १० दिवसांच्या आत पत्ता कळविणे हे तुझ्यासारख्या हिरव्या कार्डधारकावर कायद्याने बंधनकारक आहे, न कळविणे हा दंडनीय अपराध आहे. तुझे तीन आठवडे झाले. उशीर झाला म्हणून आता लपवावे असे मनात आणू नकोस. हे पत्र हाती पडेल त्याच दिवशी, चहा थंड झाला तरी चालेल, पण त्या खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन पत्ता बदल, आणि बदलताना प्रलंबित अर्जाचा पावती-क्रमांक त्यात आला आहे याची खातरजमा कर. बदलाची पोच छापून ठेव.

मुलाखतीचे पत्र जुन्या घरी गेले आणि तू त्या तारखेस हजर झाली नाहीस तर काय होते, तेही सांगतो. ३० दिवसांत सबळ कारण कळविले नाही तर अर्जदाराने अर्ज सोडून दिला असे धरून प्रकरण बंद केले जाते. वर्षाच्या आत ते पुन्हा उघडण्याची विनंती करता येते. ती मुदत गेली की संपले. मग पुन्हा ७१० डॉलर, पुन्हा प्रतीक्षा. शिवाय तुझा अर्ज २० ऑक्टोबर २०२५ पूर्वीचा असल्याने तुला जुनीच परीक्षा लागू आहे: १०० प्रश्नांपैकी १० विचारतील, ६ बरोबर आले की झाले. नव्याने अर्ज करणाऱ्यास १२८ प्रश्नांची तयारी करून २० पैकी १२ उत्तरे द्यावी लागतात. तू तीही देशील याविषयी मला शंका नाही. पण का म्हणून?

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी मी तुझ्या आईलाही कधी पुरती सांगितली नाही. १९७७ साली मी पिट्सबर्गमध्ये असाच अर्ज केला होता. त्या काळी शपथ न्यायालयात होई, न्यायालयात अर्ज गुदरण्यापूर्वी त्या राज्यात सहा महिने राहिलेले असावे लागे, आणि आपल्याला ओळखणारे दोन नागरिक साक्षीस न्यावे लागत. अर्ज केला आणि दोनच महिन्यांत क्लीव्हलँडमध्ये थोडे अधिक वेतन मिळते म्हणून मी निघून आलो. अंतर जेमतेम १३० मैलांचे. राज्य बदलते आहे हे मला रस्त्यावरची पाटी पाहून कळले. त्या दिवसांत प्रत्येक परकीयास दर जानेवारीत टपालकचेरीतून एक कार्ड घेऊन आपला पत्ता सरकारला कळवावा लागे. मी १९७८ च्या जानेवारीत ते कार्ड नव्या पत्त्यासह इमानेइतबारे भरले आणि समजलो की, सरकारला कळले. पण ते कार्ड एका दप्तरात गेले, माझा अर्ज दुसऱ्या दप्तरात होता, आणि ज्या दप्तरात तो होता तिथे मी एक ओळ लिहिली नव्हती. साक्षीदारांसह हजर राहण्याचा हुकूम फेब्रुवारीत जुन्या खोलीवर गेला. मी ऑगस्टपर्यंत वाट पाहत राहिलो. चौकशी केली तेव्हा प्रकरण केव्हाच बंद झाले होते.

माझे वडील नाना वाईच्या मामलेदार कचेरीत शिरस्तेदार होते, हे तू ऐकले आहेस. घरी आलेल्या प्रत्येक पत्राची ते आवक बारनिशीत नोंद करीत, अगदी मंगळागौरीच्या निमंत्रणाचीसुद्धा. त्यांच्या मुलाने ही चूक करावी! ते १९७३ सालीच गेले होते. त्यांना हे पाहावे लागले नाही, पण जिला भोगावे लागले ती माझी आई, तुझी आजी. नानांच्या मागे ती एकटी झाली होती आणि मी तिला इकडे आणणार होतो. हिरव्या कार्डावर आईवडिलांना बोलावता येत नाही, नागरिक झाल्यावर येते, आणि मग त्यांना कोट्याच्या रांगेत थांबावे लागत नाही. तेव्हाही असेच होते, आजही आहे. मी तिला लिहिले होते, 'पुढच्या वर्षी या वेळी तू इथे असशील.' तिने पासपोर्टसाठी फोटो काढून घेतला. ढोल्या गणपतीला जाऊन आली, मग फोटोवाल्याकडे गेली, हे तुझ्या आईने मला पुढे सांगितले. लोकरीचे पायमोजे विणवून घेतले. मी पुन्हा अर्ज केला, पुन्हा थांबलो, १९७९ च्या जुलैत शपथ घेतली. ती त्याच वर्षी फाल्गुनात गेली होती.

तो फोटो तुझ्या आईच्या कपाटात, पितळेच्या डब्यात आहे. तू लहानपणी तो काढून 'ही आजी रागावलीय का?' म्हणून विचारायचीस. रागावलेली नव्हती ग. तिला फोटोसाठी स्थिर बसायला सांगितले होते.

तेव्हा तू ज्या कारणासाठी हा अर्ज केलास ते कारण मला न सांगताही कळते. तुझी आई ७१ वर्षांची आहे, जिना चढताना थांबते, आणि दूरध्वनीवर मला कधी सांगत नाही. म्हणूनच पुन्हा विचारतो: पत्ता कळविलास का?

आणखी दोन-तीन गोष्टी आठवतील तशा लिहितो. टेक्सासात राहायला आल्यावर ९० दिवसांच्या आत वाहन चालविण्याचा तिथला परवाना घ्यावा लागतो. त्या खिडकीवर कारकून सवयीने विचारतो, 'मतदार म्हणून नाव नोंदवायचे का?' सारे अर्ज एकाच कागदावर असतात आणि माणूस घाईत 'हो' म्हणून जातो. तिथे 'नाही' असे स्पष्ट सांग. नागरिक होण्यापूर्वी केलेली ती एक खूण, अजाणतेपणी झालेली असली तरी, नागरिकत्वाच्या मुलाखतीत तुझ्यासमोर येईल आणि तुझ्या प्रामाणिकपणावर संशय घेतला जाईल. नव्या घराचा भाडेकरार आणि विजेचे पहिले बिल जपून ठेव. मुलाखतीत पाच वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या पुन्हा विचारतात, तेव्हा नवे घर आणि नवी कचेरी आपण होऊन सांग. न्यूजर्सीचे या वर्षातले आयकराचे विवरणपत्र टेक्सासात राज्याचा आयकर नाही म्हणून विसरू नकोस. वाईला जायचे मनात असेल तर जा, महिनाभर जाऊन ये, त्याने अर्जाला बाधा नाही. मात्र जाण्यापूर्वी टपालपेटी उघडायला कुणाला तरी सांगून जा.

वरचे पुन्हा वाचून पाहिले. फार रागावलो. हे रागावणे किती तुझ्यावर आणि किती त्या एकतीस वर्षांच्या मुलावर, जो क्लीव्हलँडच्या टपालकचेरीत जानेवारीचे कार्ड भरून समाधानाने बाहेर पडला होता, हे मला आता ठरविता येत नाही. तू नोकरीसाठी गेलीस, चांगलेच केलेस; एकटीने सामान बांधलेस, गाडी चालवीत अनेक राज्ये ओलांडून गेलीस, त्याचे मला कौतुक आहे, आणि तू जाताना इकडून का गेली नाहीस याचा जो थोडा सल होता तो हे लिहिता लिहिता गेला. क्लीव्हलँड काही त्या वाटेवर नाही.

माझ्या वहीत तुझ्या नावापुढे चार पत्ते आहेत. पहिला कॉलेजच्या वसतिगृहाचा, दुसरा त्या तळघराचा जिथे तुला थंडीत खोकला झाला होता, आणि चौथ्या, एडिसनच्या पत्त्यावर मी अजून रेघ मारलेली नाही. पाचव्यासाठी एक ओळ मोकळी ठेवली आहे. खात्याला कळविलेस की त्याच हाताने मलाही कळव. टंकलिखित नको, तुझ्या अक्षरात पाठव.

तुझ्या आईने श्रावणात धाडलेल्या मेतकुटातले निम्मे मी तुझ्यासाठी काढून बरणीत घट्ट बांधून ठेवले आहे. खोके तयार आहे, वर तुझे नाव लिहिले आहे, नावाखाली जागा सोडली आहे.

तुझा
मामा