वैशाखातला ऊस : फडापासून काट्यापर्यंत



हंगाम लांबला की गट कार्यालयात एकच प्रश्न ऐकू येतो, "साहेब, आमची टोळी कधी?" आणि उत्तरही ठरलेले, "येईल आठवड्यात." काही सभासद मात्र निवांत असतात. ऊस उभाच आहे, पळून थोडाच जातोय, असे त्यांचे म्हणणे. मार्गशीर्ष-पौषात हे म्हणणे खपून जाते. चैत्र सरून वैशाख लागला की ऊस खरोखरच पळू लागतो. बांधावरून पाहणाऱ्याला तो जागेवर दिसतो, पण त्यातले पाणी जाते, साखर जाते, आणि काट्यावर गाडी चढली म्हणजे काय गेले ते कळते. हे का होते आणि आपल्या हाती त्यातले किती आहे, ते या लेखात पाहू.

उसात साखर साठते ती थंडीत. आकाश निरभ्र, दिवसा चांगले ऊन, रात्री गारवा आणि जमिनीत बेताची ओल असली, की उसाची वाढ मंदावते आणि पानांनी तयार केलेली साखर कांड्यांत जमा होत जाते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा काळ. म्हणून आपल्याकडे या महिन्यांत उतारा चढता असतो. एप्रिल-मे मध्ये उलटे होते. दिवसाचे ऊन तर कडक असतेच, पण रात्रीही उकाडा राहतो. पक्व झालेल्या उसाला जगण्यासाठी जी शक्ती लागते ती तो साठवलेल्या साखरेतूनच काढतो. त्यातच पाणी मिळाले तर डोळे फुटतात, पांगशा येतात, त्यांचाही खर्च त्याच साखरेतून. पाणी नाही मिळाले तर रस आटतो, तंतूचे प्रमाण वाढते, वरच्या कांड्यांत दशी पडते. दोन्हीकडून तोटा. पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेत २०१९ च्या एप्रिलअखेरीस पारा ४३ अंशांपर्यंत गेला होता. पुण्याची ही कथा, तर दौंड-इंदापूरच्या उघड्या माळावर उभ्या असलेल्या उसाचे काय होत असेल, ते सांगायला नको.

हे झाले उभ्या उसाचे. कोयता लागल्यानंतरचे नुकसान याहून झपाट्याने होते. तोडलेल्या उसाला मुळाकडून पाणी मिळत नाही, उन्हात त्याचे बाष्पीभवन मात्र चालूच राहते. वजन घटते. शिवाय उसातल्या साखरेचे विघटन होऊन तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनू लागते. या दोन साखरांचे दाणे आपल्याला पडत नाहीत, त्या मळीत जातात. कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू शिरतात. ते साखर खाऊन डेक्स्ट्रॅन हा चिकट पदार्थ तयार करतात. त्यामुळे रस गाळायला त्रास, पाक आटवायला वेळ, आणि दाणा लांबट पडतो. हवा जितकी उष्ण तितके हे सारे लवकर. थंडीत तोडून एक दिवस पडलेला ऊस आणि वैशाखात तोडून एक दिवस पडलेला ऊस, हे दोन वेगळे माल समजावेत.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वजनातली घट त्या सभासदाच्या खिशातून थेट जाते. पंधरा टनांची खेप आहे असे धरा, आणि शेकडा फक्त दोन घट झाली असे धरा. तीनशे किलो ऊस काट्यावर येण्याआधीच उडून गेला. साखरेतली घट मात्र सगळ्यांच्या खिशातून जाते, कारण उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने जो रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे आपण ज्याला एफआरपी म्हणतो तो, ठरवला, तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होता. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे अधिक. उतारा उतरला तर त्याच हिशेबाने कमी. साडेनऊ टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली उतारा गेला तरी क्विंटलमागे ३२९ रुपये ५ पैसे यापेक्षा दर खाली जात नव्हता.

आता एक उदाहरण मांडू. आकडे हिशेबापुरते घेतले आहेत. समजा, एका कारखान्याने पाच लाख टन ऊस गाळला. त्यातला चार लाख टन वेळेत आला, उतारा ११ टक्के. उरलेला एक लाख टन वैशाखात आला, शिळा, वाळलेला, काही जळीत, आणि उतारा साडेनऊ. सरासरी झाली १०.७. म्हणजे ०.३ टक्के गेले, टनाला १०३ रुपये ८० पैसे. ज्याचा शंभर टन ऊस डिसेंबरातच उत्तम अवस्थेत गेला, त्या सभासदाच्याही हिशेबातून १०,३८० रुपये कमी झाले. त्याने काही चूक केली नव्हती. म्हणून मागे राहिलेल्या उसाची काळजी ही त्या एका सभासदाची खाजगी बाब समजू नये.

महाराष्ट्राने याचा मोठा धडा घेतला तो २०२१-२२ च्या हंगामात. आधीची दोन-तीन वर्षे पाऊसपाणी चांगले झाले, धरणे भरली, लोकांनी ऊस वाढवला. राज्यात सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला गेला, सुमारे १३७ लाख टन साखर झाली, आणि उत्तर प्रदेशाला मागे टाकून आपण देशात पहिले आलो. वर्तमानपत्रांत त्याचे कौतुक झाले. पण त्याच मे महिन्यात मराठवाड्यात आणि इतरत्रही फडच्या फड उभे होते. गाळप जूनपर्यंत चालले. टोळ्या मिळेनात, मिळाल्या तर एकरी वेगळे पैसे मागू लागल्या, अशा तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. लवकर तोड मिळावी म्हणून काहींनी स्वतःच फड पेटवले. बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ऊस पेटवून देऊन जीव दिला. राज्य सरकारने १ मे २०२२ नंतर गाळलेल्या उसासाठी, उतारा अर्ध्या टक्क्याहून अधिक घटला असेल तर, टनाला २०० रुपये उतारा घट अनुदान जाहीर केले. पन्नास किलोमीटरपुढच्या वाहतुकीलाही टनाला किलोमीटरमागे पाच रुपये दिले. मदत झाली, पण गेलेले वजन कोणी भरून दिले नाही.

त्यानंतर २०२४-२५ चा हंगाम अगदी उलटा गेला. ऊस कमी, तुरे लवकर आलेले, राज्याची साखर ८१ लाख टनांच्या आसपास आणि बहुतेक कारखान्यांची धुराडी मार्चअखेर बंद. एका अर्थी बरेच झाले म्हणायचे, कारण २०२५ च्या मे महिन्यात वळवाने कहर केला. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात दाखल झाला. बारामती, दौंड, इंदापूर भागात पाणीच पाणी झाले. एरवी पुण्याकडे मान्सून यायला जूनचा दुसरा आठवडा उजाडतो. २०२१-२२ इतका ऊस त्या साली शिल्लक असता तर? वाफसा नाही, ट्रॉली शेतात जात नाही, गेली तर निघत नाही, आणि तोडलेल्या मोळ्या चिखलात. असा विचार करूनच तोडणी कार्यक्रमाकडे पाहावे. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो म्हणून तोवर मुभा आहे, असा हिशेब आता धरवत नाही.

मग सभासदाने काय करावे? पहिली गोष्ट पाण्याची, कारण तिथेच अधिक गोंधळ दिसतो. तोडणीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडावे हा नियम सर्वांना पाठ आहे. परंतु तो नियम तोडीची तारीख पक्की असेल तेव्हाचा. वैशाखात तारीख पक्की नसताना पाणी तोडून बसलात आणि टोळी महिनाभर आली नाही, तर ऊस वाळून जाईल. जमिनीच्या मगदुराप्रमाणे बारा-पंधरा दिवसांनी हलके पाणी देत राहावे, जमले तर एक आड एक सरीतून. उलट टोकाचे लोकही आहेत. उद्या टोळी येणार म्हटल्यावर आज रात्री मोटर चालू करून फड तुडुंब भरतात, वजन वाढेल म्हणून. वजन वाढले तरी जुजबी, साखर उतरते आणि भरलेली ट्रॉली सरीत रुतून बसते. मग ती काढायला दुसरा ट्रॅक्टर, त्यात अर्धा दिवस, आणि मोळ्या उन्हात.

आपल्या भागात पाण्याची आणखी एक अडचण आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. त्यावर पुणे शहर आहे आणि मुठा उजव्या कालव्यावरची हवेली, दौंड, इंदापूरची शेतीही आहे. पिण्याचे पाणी आधी, हे धोरण आहे आणि त्याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. शहर दर वर्षी वाढते आहे, धरण वाढत नाही. त्यामुळे उन्हाळी आवर्तन किती दिवसांचे, एक की दोन, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरेपर्यंत कोणी सांगू शकत नाही. ज्यांची विहीर-बोअर एप्रिलमध्ये उपसा देत नाही आणि भरवसा फक्त कालव्यावर आहे, त्यांनी लागणीची नोंद देतानाच हे शेतकी खात्याला सांगावे. अशा उसाला कार्यक्रमात आधी घेण्याचा विचार होऊ शकतो. बेबी कालव्यावर मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे प्रक्रिया केलेले पाणी येते. ते वापरणाऱ्यांनी वर्षातून एकदा पाणी आणि माती तपासून घ्यावी. क्षार वाढलेल्या जमिनीत ऊस उन्हाळ्यात लवकर मान टाकतो.

दुसरी गोष्ट, तोड ते काटा हा वेळ. गाडी हजर नसताना तोड सुरू करू देऊ नका. मुकादमाला घाई असते, त्याला टोळीचा दिवस भरायचा असतो. पण आदल्या दिवशी तीन खेपांचा ऊस पाडून ठेवला आणि ट्रॅक्टर एकच, तर तिसरी खेप तिसऱ्या दिवशी काट्यावर. मोळ्या बांधावर उघड्या न टाकता वाढ्यांनी किंवा पाचटाने झाकाव्यात, शक्य तर झाडाच्या सावलीत रचाव्यात. गव्हाणीवर गाड्यांची रांग लागली असेल तर चिटबॉयकडून तसे कळवले जावे, ही जबाबदारी कारखान्याची आहे आणि सभासदांनी ती हक्काने मागावी.

ऊस पेटवून तोडण्याचा मोह फार वाईट. आगीने उसावरचा मेणाचा थर जातो, साल तडकते, आणि वर सांगितलेले जिवाणू मोकळे रान मिळाल्यासारखे आत शिरतात. जळीत उसाला कपात लागते ती वेगळीच. पाचट गेले, जमिनीतले जिवाणू गेले. शेजाऱ्याच्या फडात ठिणगी गेली तर कोर्टकचेरी. वीजवाहिनी फडावरून जात असेल तर लोंबणाऱ्या तारांची तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

टोळीतल्या माणसांचाही विचार करावा लागतो. बीड, जालना, अहिल्यानगर भागातून आलेली ही कुटुंबे चार-पाच महिने पाचटाच्या खोपीत राहतात. वैशाखात त्यांचे डोळे गावाकडे लागलेले असतात, तिकडे खरिपाची मशागत उभी असते. दुपारी बारा ते तीन या वेळात त्यांना तोडायला लावणे माणुसकीला धरून नाही, आणि कामही उरकत नाही. पहाटे चारला सुरू करून दहाला थांबावे, पुन्हा ऊन उतरल्यावर. फडावर पिण्याचे पाणी, मीठ-साखर, लहान मुलांना सावली एवढे सभासदाने बघितले, तर टोळी अर्ध्यावर सोडून जाण्याचे प्रकार कमी होतात. बायका हाती कोयता घेऊन पुरुषांच्या बरोबरीने तोडतात आणि वर मोळ्याही वाहतात. त्यांच्यासाठी आडोसा करून द्यायला किती खर्च येतो?

आता उशिरा तुटलेल्या रानाचे. इथे सभासद हटकून खोडवा ठेवतात, बेणे-लागणीचा खर्च वाचतो म्हणून. शिफारस अशी आहे की १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये. कडक उन्हात फुटवे मरतात, तुटाळ पडते, खोडकिडीचा जोर होतो, आणि पुढच्या हंगामात हाच कमी वयाचा ऊस पुन्हा तुमच्या-आमच्या उताऱ्याला खाली ओढतो. त्याऐवजी रान नांगरून तापू द्यावे, पावसावर सोयाबीन किंवा ताग करावा आणि ऑक्टोबरात पूर्वहंगामी लागण धरावी. त्या लागणीचा ऊस पुढच्या वर्षी थंडीत तोडीला येतो.

सुरू उसाची लागण ज्यांची आहे, त्यांचे पीक या दिवसांत अजून कोवळे असते. सरीत पाचट पसरावे, पाण्याचा ताण पडला तर ६ ते ८ टक्के केओलीन फवारावे, खोडकिडीसाठी बाळबांधणी आणि ट्रायकोग्रामाची कार्डे लावावीत. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला, की संध्याकाळी अंधार पडता पडता हुमणीचे भुंगे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर येतात. साडेसात ते नऊ या वेळात फांद्या हलवून खाली पडलेले भुंगे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हे काम एकट्याने करून फार उपयोग नाही, शिवारातल्या सगळ्यांनी त्याच दोन-चार रात्रींत करावे लागते. गावात असा गट करायचा असेल, तर पहिला वळीव पडण्याआधी गट कार्यालयात नावे द्यावीत.