बेताची मोटार



'बेत' हा आपल्या भाषेतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. मनात योजिलेली गोष्ट तो बेत. आणि जे गरजेहून फार अधिक नाही, ते बेताचे. पाहुणे मोजके असले की स्वयंपाक बेताचा करतात, आणि पावसात निसरड्या पायवाटेवरून चालताना पाऊल बेताने टाकतात. हा घरगुती शब्द मोटारीसारख्या यंत्रालाही लावता येतो, हे मात्र स्वतःची मोटार दारात उभी राहीपर्यंत आम्हाला कळले नव्हते.

या लेखात आम्ही लहान मोटारीविषयी, जिला 'हॅचबॅक' म्हणतात तिच्याविषयी, लिहिणार आहोत. ती लहान कशी झाली, तिच्या पोटात एवढी जागा कोठून येते, ती बाळगण्यास खर्च किती पडतो आणि ती चालविताना कोणते भान राखावे लागते, असे या लेखाचे चार भाग आहेत. पहिल्या तीन भागांतील माहिती वाचून व विचारून मिळविता येते. चौथा धडा आम्हाला आषाढातील एका संध्याकाळी रस्त्यावर मिळाला.

मोटार लहान कशी झाली?

१९५६ साली सुएझ कालव्यावरून मोठा पेच निर्माण झाला, कालवा बंद पडला आणि इंग्लंडात पेट्रोलची टंचाई झाली. थोडक्या तेलावर चालेल, पण चार माणसांना सुखाने नेईल, अशी मोटार हवी होती. अलेक इसिगोनिस या अभियंत्याने ते काम अंगावर घेतले आणि १९५९ च्या ऑगस्टमध्ये 'मिनी' ही मोटार बाजारात आली. तिची लांबी अवघी दहा फूट होती. तोवर बहुतेक मोटारींत इंजिन लांबीच्या दिशेने बसवीत. इसिगोनिसने ते आडवे बसविले आणि त्याची शक्ती पुढच्याच चाकांना दिली. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा नाहीसा झाला आणि वाचलेली जागा माणसांना मिळाली.

मिनीला मागे वर उघडणारे मोठे दार मात्र नव्हते. पुढच्या चाकांना शक्ती आणि मागे असे दार, हा मेळ १९६१ साली फ्रान्समधील 'रेनो ४' या मोटारीत घातला गेला. मागची काच व तिच्याखालचा पत्रा मिळून एकच दार, आणि ते उचलले की थेट आसनांपर्यंतची मोकळी जागा, ही हॅचबॅकची खूण होय.

आपल्या देशात त्या काळी मोटार म्हणजे उत्तरपाड्याची अँबॅसडर किंवा मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट. पैसे भरूनही मोटारीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या 'मारुती ८००' ची किल्ली तिच्या मालकाला देण्यात आली. जपानच्या सुझुकी कंपनीच्या साहाय्याने बनलेल्या या मोटारीचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे होते. लांबी सुमारे ३.३ मीटर आणि वजन सुमारे साडेसहाशे किलो. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत शिक्षक, कारकून, दुकानदार अशा लक्षावधी कुटुंबांच्या दारात पहिली मोटार आली ती हीच. पुढे २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरहून कमी लांबीच्या व लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क कमी करण्यात आले आणि लहानपणाला सरकारी सवलतीचीही जोड मिळाली.

लहान पोटात मोठी जागा

आमची मोटार जुनी घेतलेली आहे; आज ती दहा वर्षांची आहे. घेण्याचे कारण हौस नव्हते. आमच्या मातोश्रींना आठवड्यातून दोनदा उपचारासाठी इस्पितळात न्यावे लागू लागले. गुडघे धरलेल्या माणसाला बसच्या पायऱ्या चढविणे किती कठीण असते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. तेव्हा आम्ही बेत केला, आणि तो बेताचाच केला.

गोव्यातील वाड्यावाड्यांतून जाणारे रस्ते तुम्ही पाहता. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये जेमतेम एक वाहन जाईल एवढी वाट, आणि समोरून दुसरे आले की कोणीतरी मागे सरायचे. अशा वाटेवर लांबलचक मोटारीचा मालक घाम पुसत असतो. लहान मोटार थोडक्या जागेत वळते, आणि चोडणच्या फेरीबोटीवर दोन वाहनांच्या मध्ये उरलेल्या जागेतही सामावते.

सामानाचे म्हणाल, तर चवथीच्या आदल्या दिवशी तिचे खरे गुण कळतात. मागचे आसन पाठीसकट आडवे केले की माटोळीचे सगळे सामान, केळीचा अख्खा घड, नारळ, सुपाऱ्यांचे शिंपुटे आणि वर शेजाऱ्यांची पिशवी, एवढे सारे मागच्या दारातून आत जाते. इंजिनाचा भार पुढच्या चाकांवर असल्यामुळे आणि तीच चाके गाडी ओढीत असल्यामुळे पावसातल्या चिखलातही त्यांची पकड चांगली राहते. बैल गाडीच्या पुढे असतो, हे इथे आठवावे.

दिसणारा आणि न दिसणारा खर्च

मोटार घेणाऱ्यास सगळे पहिला प्रश्न विचारतात, "लिटरला किती देते?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. आपण एक हिशेब करून पाहू.

समजा, एका शिक्षकाने दोन लाख रुपयांचे कर्ज द. सा. द. शे. १० दराने तीन वर्षांसाठी काढले. मासिक हप्ता सुमारे ६,४५० रुपये पडेल. तीन वर्षांत तो सुमारे २,३२,००० रुपये फेडील, म्हणजे ३२,००० रुपये व्याजाचे. रोज ३० किलोमीटर याप्रमाणे महिन्यातील २५ दिवस गाडी चालली, तर ७५० किलोमीटर होतात. लिटरला १८ किलोमीटर आणि पेट्रोलचा भाव १०० रुपये धरला, तर तेलाला सुमारे ४,१७० रुपये लागतील. विमा, देखभाल आणि झिजणारे टायर यांसाठी महिन्याला १,८०० रुपये बाजूला काढले, तर एकूण खर्च १२,४२० रुपये होतो.

आता भागाकार करा. तेलाचा खर्च किलोमीटरमागे साडेपाच रुपये. एकूण खर्च मात्र साडेसोळा रुपये! तेलाचे पैसे आपण पंपावर हाताने मोजून देतो, म्हणून ते दिसतात. बाकीचे अकरा रुपये दिसत नाहीत, म्हणून ते पुढे ढकलण्याचा मोह होतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण मोटार घेण्याच्या दिवसापुरती नाही. घेतल्यानंतरच्या प्रत्येक महिन्याला ती लागू आहे.

हा मोह आम्हालाही झाला, आणि तो आम्हाला भलताच महाग पडण्याच्या बेतात होता.

आषाढातील संध्याकाळ

गाडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराने जून महिन्यातच सांगितले होते, "सर, टायर संपले. बदला." टायरच्या खाचांच्या तळाशी अधूनमधून लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाचांची खोली १.६ मिलिमीटर उरली असे समजावे. त्याखाली गेलेला टायर आपल्या नियमांप्रमाणे रस्त्यावर चालविण्यास योग्य नाही. या खाचा शोभेसाठी नसतात. रस्त्यावरचे पाणी त्यांतून बाहेर फेकले जाते आणि रबर जमिनीला टेकते. खाचा झिजल्या की रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो. हे सर्व त्या कारागिराने आम्हाला समजावून सांगितले. आम्ही मान डोलावली आणि म्हटले, "चवथीनंतर पाहू."

त्यानंतर महिनाभराने, शाळा सुटल्यावर, मातोश्रींना इस्पितळातून आणण्यास आम्हाला उशीर झाला होता. पाऊस नुकताच थांबला होता. गाडीचा वेग ताशी पन्नास होता. गडग्यामधल्या एका बोळातून आमच्याच शाळेचा आठवीतील एक मुलगा सायकलीवरून रस्त्यावर आला. आम्ही ब्रेक दाबला. चाके थांबली, पण गाडी थांबली नाही. ती घसरत गेली. स्टिअरिंग फिरविले तरी वळेना. सायकलीच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर ती उभी राहिली.

आम्ही काच खाली करून त्या मुलावर ओरडलो. "बघून येता येत नाही?" असे काहीतरी बोललो. तो बिचारा "चुकलं, सर" म्हणाला आणि सायकल हातात धरून चालू लागला. बोळाच्या तोंडाशी त्याने थांबावयास हवे होते, हे खरे. पण त्याची चूक अजाणतेपणाची होती आणि आमची जाणूनबुजून केलेली. ही गोष्ट घरी पोहोचेपर्यंत आम्हाला उमगली होती. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तोच मुलगा शिक्षककक्षाच्या दाराशी आला आणि म्हणाला, "सर, चाकं थांबली होती, मग गाडी का नाही थांबली?"

त्याने तक्रार केली नाही, प्रश्न विचारला. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, तेव्हा उत्तरासाठी विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी फळ्यावर मांडलेले गणित असे.

धोका डोळ्यांना दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी त्या एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. त्यानंतर ब्रेकचे काम सुरू होते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांनी वेग दर सेकंदाला ६ मीटरने कमी होतो असे धरले, तर आणखी १६ मीटर लागतात. एकूण ३० मीटर. ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरांची पकड निम्मी धरली, तर ब्रेकचे अंतर दुप्पट, म्हणजे ३२ मीटर होते. एकूण ४६ मीटर. त्याच ओल्या रस्त्यावर वेग ३० असता, तर एकूण २० मीटर पुरले असते. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे सुमारे २० मीटरची असते. ताशी तीसला एक खेळपट्टी. ताशी पन्नासला दोन खेळपट्ट्यांहून अधिक! वेग दुप्पट केला की ब्रेकचे अंतर चौपट होते, हा नियम कोणाच्याही घाईसाठी थांबत नाही.

चाके पूर्ण अडकली की ती फिरत नाहीत, नुसती घसरतात, आणि घसरणारे चाक गाडीला वळवू शकत नाही. २०१९ पासून नव्या मोटारींत चाके अडकू न देणारी ब्रेकव्यवस्था सक्तीची झाली आहे. आमच्या जुन्या गाडीत ती नाही. पण ती असती तरी गुळगुळीत टायरला तिने खाचा पाडल्या नसत्या.

त्याच दिवशी आम्ही चारही टायर बदलले. दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात जाऊन, सर्वांसमोर, त्या मुलाची क्षमा मागितली. त्याला ओशाळल्यासारखे झाले. आम्हाला हलके वाटले.

तुमच्यासाठी चार शब्द

तुमच्यापैकी अनेकांना वडिलांच्या मोटारीची किल्ली खुणावीत असेल. मोटारीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. २०१९ साली सुधारलेल्या कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तोवर मागच्या आसनावर बसा; पण तेथेही पट्टा बांधा. ताशी पन्नास वेगाची गाडी भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून खाली पडणे होय. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आधार न धरता कोणी बसेल काय?

आणि पुढे कधी तुम्ही मोटार घ्याल, तेव्हा गरजेला पुरेल एवढी घ्या, पगाराला झेपेल एवढी घ्या, आणि रस्ता सांगेल त्या वेगाने चालवा. टायर, ब्रेक आणि दिवे यांचा खर्च 'नंतर पाहू' या खात्यात कधीही टाकू नका. कागदावर नाव लागले म्हणून कोणी मालक होत नाही. गाडीची काळजी वाहतो तो मालक.

आमच्या मातोश्री मोटारीत बसल्या की पदर सावरतात, पट्टा ओढून घेतात आणि कोंकणीत एकच वाक्य बोलतात, "सवकास, पुता, सवकास." पूर्वी आम्ही ते हसण्यावारी नेत असू. आता ते ऐकल्याशिवाय आम्ही किल्ली फिरवीत नाही.