सुरांच्या पठणाचें फळ

अमुक सुरा म्हटली असतां अमुक पुण्य लाभतें, असें मुसलमान शेजाऱ्याकडून ऐकतांच आपले कित्येक उपदेशक बंधू वादास उभे राहतात. त्यांनीं आधीं हें जाणावें कीं, अशा वचनांची पारख मुसलमान पंडितांनींच फार पूर्वीं केली आहे.

एकशें बारावी सुरा कुराणाच्या तिसऱ्या हिश्शाबरोबर आहे, हें पैगंबराचें वचन बुखारीच्या संग्रहांत असून तें ते खरें मानितात. परंतु प्रत्येक सुरेचें निराळें फळ सांगणारी जी लांबलचक हदीस उबई इब्न काब ह्या सोबत्याच्या नांवावर चालते, तिची गोष्ट वेगळी. मुअम्मल इब्न इस्माईल ह्यांनीं तिचा माग काढिला. मदाइनच्या मनुष्यानें वासितकडे बोट दाखविलें, तेथल्यानें बसऱ्याकडे, बसऱ्याच्यानें अब्बादानकडे. तेथें एका सूफी गुरूनें कबूल केलें कीं, लोक कुराणाकडे पाठ फिरवूं लागले म्हणून ती आम्हींच रचिली! मर्व येथील नूह इब्न अबी मरयम ह्यानेंही असेंच कारण दिल्याचें सांगतात. तरी जमख्शरीसारख्या विद्वानानें ती हदीस आपल्या भाष्यांत घेतली, इब्न अल-जौझी (मृत्यु इ. स. 1201) ह्यांनीं मात्र ती बनावट हदीसांच्या ग्रंथांत घातली.

ह्या माणसांस पैसा नको होता. आपलें धर्मपुस्तक लोकांनीं वाचावें, एवढीच इच्छा. अशी लबाडी ओळखणें आम्हांस सर्वांत कठीण वाटतें. शुभवर्तमान उशाशीं ठेविल्यानें ताप उतरला, अशा गोष्टी आपल्या मंडळ्यांतही साक्ष न तपासतां सांगितल्या जातात. ईयोबानें आपल्या मित्रांस 13:7 येथें जो प्रश्न केला, तो येत्या रविवारीं वर्गांत वाचावा.