मदरबोर्ड बदलल्यानंतर संगणकात प्रवेश

कार्यालयातील संगणकाचा मदरबोर्ड बदलल्यानंतर नेहमीचा पिन पुष्कळदा चालेनासा होतो. यात खात्याचा दोष नसतो. विंडोज प्रणालीतील पिन त्या एका संगणकापुरताच असतो आणि टीपीएम या सुरक्षा-चिपशी बांधलेला असतो. चिप बदलली की पिन निरुपयोगी ठरतो. पासवर्ड मात्र खात्याशी निगडित असतो. म्हणून त्याने प्रवेश करून ‘सेटिंग्ज’मध्ये नवा पिन ठरवावा.

बिटलॉकर सुरू असल्यास मात्र प्रथम ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल, तर डिस्कवरील दप्तर उघडत नाही. यास्तव संगणक दुरुस्तीस देण्यापूर्वीच हे अंक कागदावर उतरवून कुलूपबंद कपाटात ठेवावेत, पासवर्ड पडताळावा आणि दप्तराची प्रत अन्यत्र काढून ठेवावी.