एक पत्र, सात कागद : कार्यालयीन पत्रव्यवहार आणि लेखनसामग्रीची काटकसर

सरकारी खर्चाचा विषय निघाला की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर इमारती, वाहने आणि वेतन या मोठ्या बाबी उभ्या राहतात. टेबलावरचा कागद, पाकीट, शाई, टाचणी आणि नस्ती बांधण्याची दोरी यांचा विचार सहसा कोणी करीत नाही. या वस्तू किरकोळ खऱ्या. परंतु ग्रामपंचायतीपासून सचिवालयापर्यंत त्यांच्यावाचून एकही काम पुढे सरकत नाही. त्यांचा खर्च कसा आटोक्यात ठेवावा, हा प्रश्न बहुधा खरेदीच्या वेळी आणि दराच्या संदर्भातच विचारला जातो. वास्तविक कागदाचा मोठा अपव्यय खरेदीत होत नसून लेखनात होतो. पत्र अस्पष्ट असले की एका पत्रातून दुसरे आणि दुसऱ्यातून तिसरे जन्मास येते. म्हणूनच कार्यालयीन पत्रव्यवहार आणि लेखनसामग्रीचा खर्च हे दोन विषय एकत्रच अभ्यासले पाहिजेत.

अस्पष्ट पत्राची किंमत

एक साधे उदाहरण घेऊ. गोव्यातील एखाद्या खेड्यातील रहिवाशाने जुन्या घराच्या दुरुस्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. काही दिवसांनी त्यास पुढील पत्र आले : “उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर अर्जाची छाननी केली असता त्यात त्रुटी आढळून आल्या आहेत. तरी सदर त्रुटींची पूर्तता करून प्रकरण फेरसादर करावे.”

या पत्रात व्याकरणाची चूक नाही. नेहमीचा साचाही सांभाळलेला आहे. उणीव इतकीच की त्रुटी कोणती, हे त्यात कोठेही सांगितलेले नाही. अर्जदार एक दिवसाची मजुरी बुडवून, बसचे भाडे खर्चून कार्यालयात येतो. संबंधित लिपिक त्या दिवशी रजेवर असतो. मग अर्जदार त्रुटींचा तपशील मागणारा अर्ज लिहितो आणि पोच म्हणून त्याची प्रत स्वतःजवळ ठेवतो. त्या अर्जावर कार्यालयात टिप्पणी लिहिली जाते आणि अखेर दुसरे पत्र जाते. आता कागद मोजावेत. पहिले पत्र व त्याची कार्यालयीन प्रत हे दोन, अर्जदाराचा अर्ज व त्याची पोच हे दोन, टिप्पणीचा एक, आणि दुसरे पत्र व त्याची प्रत हे दोन. असे एकूण सात. पहिल्याच पत्रात त्रुटी लिहिली असती तर दोन कागदांत काम भागले असते.

तालुक्याच्या एखाद्या मोठ्या कार्यालयातून अशी दहा पत्रे दररोज जातात आणि वर्षात कामाचे दिवस अडीचशे आहेत, असे हिशेबापुरते धरू. प्रत्येक पत्रामागे पाच जादा कागद म्हणजे वर्षाला १२,५०० कागद, अर्थात पाचशे कागदांची एक अशी २५ रिमे. ए-४ आकाराच्या, चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या एका कागदाचे वजन सुमारे ४.४ ग्रॅम भरते. म्हणजे जवळजवळ ५५ किलो कागद केवळ एक ओळ न लिहिल्यामुळे खर्ची पडला. त्यातील काही भार कार्यालयावर आणि काही अर्जदारांवर पडला, एवढाच फरक.

परंतु कागद हा या हिशेबातील सर्वांत लहान आकडा आहे. त्याच अडीच हजार पत्रांपायी अडीच हजार माणसांचा एकेक दिवस वाया गेला. पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारण्याची घाई असलेल्या कुटुंबाला हा विलंब किती महाग पडतो, हे साठा नोंदवहीत लिहिले जात नाही. काटकसरीचा विचार करताना हा न लिहिलेला खर्च प्रथम ध्यानात घ्यावयास हवा.

कारभाराच्या भाषेची परंपरा

कारभाराची भाषा सर्वांना सारखीच कळावी ही दृष्टी मराठी मुलखाला नवी नाही. १६७४ मधील राज्याभिषेकानंतर छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला आणि दरबारी वापरातील फारसी-अरबी शब्दांना पर्याय देण्यात आले. पुढे बडोदे संस्थानात महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या प्रेरणेने १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा कारभारविषयक शब्दांचा बहुभाषिक कोश प्रसिद्ध झाला. शब्द निश्चित नसेल तर आज्ञा निश्चित राहत नाही आणि आज्ञा निश्चित नसेल तर काम अडते, ही जाण या उपक्रमांमागे होती. आज शब्दांचा तुटवडा उरलेला नाही. आज जपावयाचे आहे ते इतकेच की, भारदस्त शब्दाच्या मागे सांगावयाची गोष्ट लपून राहू नये.

पत्र लिहिताना

कोणतेही पत्र स्वाक्षरीसाठी ठेवण्यापूर्वी मसुदा करणाऱ्याने स्वतःस पाच प्रश्न विचारावेत. कोणी करावयाचे आहे? नेमके काय करावयाचे आहे? कोठे? केव्हापर्यंत? आणि न केल्यास काय होईल? या पाचही प्रश्नांची उत्तरे पत्रात सापडली तर पत्र पूर्ण झाले, असे समजावे. वर दिलेले पत्र या कसोटीवर घासले असता असे लिहिता येते :

“घरदुरुस्तीच्या आपल्या अर्जाला पुढील दोन कागद जोडलेले नाहीत : (१) जागेचा नमुना १ व १४ चा उतारा, (२) सहहिस्सेदारांचे संमतिपत्र. हे कागद या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत याच कार्यालयाच्या टपाल खिडकीवर द्यावेत. अर्ज पुन्हा करण्याची आवश्यकता नाही. मुदतीत कागद न आल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल.”

दोन्ही पत्रे एकाच कागदावर मावतात. पहिल्या पत्राने अर्जदारास कोड्यात टाकले, दुसऱ्याने वाट दाखविली. विशेषतः ‘अर्ज पुन्हा करण्याची आवश्यकता नाही’ हे वाक्य अत्यंत मोलाचे आहे. ते नसल्यास भीतीपोटी संपूर्ण प्रकरण नव्याने तयार करून आणणारे अर्जदार अनेक असतात.

प्रती काढतानाही विवेक हवा. ‘प्रत माहितीसाठी सादर’ या पृष्ठांकनाखाली सवयीने पाच-सहा नावे लिहिली जातात. ज्याला त्या पत्रावर काही करावयाचे नाही किंवा ज्याच्या अभिलेखात ते असणे आवश्यक नाही, त्यास प्रत पाठवू नये. तेथे तिची पुन्हा आवक नोंद होते, तीवर शेरा पडतो आणि ती नस्तीत जाते. म्हणजे एका प्रतीने आणखी एका कार्यालयाला काम लागते. स्मरणपत्रांचेही तसेच आहे. तिसरे स्मरणपत्र लिहिण्याची वेळ आली असता चौथ्याची तयारी करण्याऐवजी दूरध्वनीवर विचारणा करावी आणि झालेल्या बोलण्याची दोन ओळींची नोंद तारखेसह नस्तीवर ठेवावी.

साठा, नोंद आणि जपणूक

लेखन नेटके झाले की खरेदीचा विचार करावा. केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मध्ये गरजेपेक्षा अधिक माल घेऊ नये, तसेच खरेदीची कार्यपद्धती टाळण्यासाठी मागणीचे लहान तुकडे पाडू नयेत, असे सांगितले आहे. वापरून संपणाऱ्या वस्तूंच्या साठ्याची वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करावी, असेही त्यात बंधन आहे. राज्यांच्या खात्यांनी आपापल्या नियमांनुसार वागावयाचे असले तरी या तिन्ही सूचनांमागील तत्त्व सर्वत्र सारखेच लागू पडते.

मागणी केव्हा नोंदवावी यासाठी एक सोपा हिशेब आहे. कार्यालयास आठवड्याला दोन रिमे लागतात आणि मागणी नोंदविल्यापासून माल येण्यास तीन आठवडे लागतात, असे समजू. त्या काळात सहा रिमे लागणार. अडचणीसाठी आणखी दोन आठवड्यांची चार धरली की दहा होतात. कपाटात दहा रिमे उरली की मागणीपत्रक गेले पाहिजे. हा आकडा कपाटाच्या दारावर आतील बाजूस चिकटवून ठेवला तर ऐनवेळी बाजारातून चढ्या दराने खरेदी करण्याची वेळ येत नाही, आणि मार्चअखेर अनुदान उरले म्हणून कपाट भरून टाकण्याचा मोहही आवरता येतो.

मार्चमध्ये घेतलेला जादा साठा कोकणपट्टीत आणि गोव्यात दुहेरी तोट्याचा ठरतो. दोन-अडीच महिन्यांतच पावसाळा सुरू होतो. दमट हवेत उघडा कागद ओल धरतो, त्याच्या कडा वळतात आणि छायाप्रत यंत्रात तो वारंवार अडकतो. जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला टेकून ठेवलेल्या गठ्ठ्यांना वाळवी लागते. म्हणून रिमे फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. वेष्टन वापराच्या वेळीच फोडावे. आणि आधी आलेला माल आधी वापरावा. साठा नोंदवहीत वस्तू आली केव्हा, गेली कोणत्या शाखेला आणि शिल्लक किती, या तीन गोष्टी त्याच दिवशी लिहाव्यात. कोणत्या शाखेला कागद अधिक लागतो हे कळले की कारणही शोधता येते. कधी त्या शाखेचे कामच मोठे असते, तर कधी तिची पत्रे अपुरी असतात.

कागदाच्या दोन्ही बाजू वापरणे हा सर्वांत सोपा उपाय होय. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेही ए-४ आकाराचा कागद दोन्ही बाजूंनी वापरण्याचा मार्ग स्वीकारला. इतर कार्यालयांना कित्ता गिरविण्यास तो पुरेसा आहे.

संगणकाने काय साधले

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कायदेशीर मान्यता दिली आणि त्यानंतर अनेक कार्यालयांतून ई-मेल व ई-ऑफिस पद्धती रूढ होत गेली. तथापि पडद्यावर आलेले प्रत्येक पत्र ‘नस्तीसाठी’ छापून घेतले तर कागदाची बचत होत नाही. उलट टोनरचा खर्च वाढतो. शिवाय अस्पष्ट ई-मेल हेही अस्पष्ट पत्रच असते. ते अधिक वेगाने जाते आणि तितक्याच वेगाने शंका परत आणते. भ्रमणध्वनीवरील गटात टाकलेला निरोप तातडीच्या सूचनेला उपयोगी पडतो, पण ज्याच्या आधारे कोणाचा हक्क ठरावयाचा किंवा पैसा खर्च व्हावयाचा, तो आदेश रीतसर क्रमांक व तारखेनिशीच निघाला पाहिजे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे अभिलेख सूचिबद्ध ठेवणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि ते निरोपांच्या ढिगाऱ्यातून पार पडत नाही.

ग्रामस्थ आणि शिक्षक यांचा वाटा

ही जबाबदारी एकट्या कार्यालयाची नव्हे. अर्जदाराने आपल्या अर्जात पूर्ण नाव, पत्ता, सर्व्हे क्रमांक आणि संपर्काचा क्रमांक लिहावा. कार्यालयाच्या पत्राला उत्तर देताना त्या पत्राचा जावक क्रमांक व तारीख नमूद करावी. अर्जाखाली जोडलेल्या कागदांची यादी द्यावी आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. ‘वरील विषय सत्वर मार्गी लावावा’ एवढेच लिहिण्यापेक्षा कोणते काम, कोणत्या टप्प्यावर अडले आहे ते लिहिल्यास उत्तर लवकर मिळते. पत्राचा अर्थ कळला नाही तर तसे विचारण्यात संकोच मानू नये.

शिक्षकांना या कामी मोठा वाव आहे. शाळेत पत्रलेखनाचा पाठ बहुधा मायन्यापासून सुरू होऊन समारोपाच्या शब्दांपाशी संपतो. त्याऐवजी मुलांना एखादे अपुरे पत्र देऊन त्यात काय राहून गेले ते शोधावयास सांगावे आणि वरील पाच प्रश्नांच्या आधारे ते पुन्हा लिहून घ्यावे. आजचा विद्यार्थी उद्या पंचायत सचिव होईल, लिपिक होईल किंवा खिडकीसमोर उभा राहणारा अर्जदार होईल. तिन्ही ठिकाणी हा पाठ त्याच्या उपयोगी पडेल.

काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे. आवश्यक तेथे दहा कागद खर्च करावेत, पण अनावश्यक तेथे एकही नको. लेखणी उचलणाऱ्याने पत्र ज्याच्या हाती पडणार आहे त्या माणसाचे क्षणभर स्मरण करावे. तो वाचेल तेव्हा शेजारी समजावून सांगणारे कोणी नसेल. त्याला ते एकट्याला कळले, दुसऱ्या दिवशी योग्य कागद घेऊन तो योग्य खिडकीवर आला आणि एकाच खेपेत परत गेला, तर कार्यालयाने केवळ कागद वाचविला असे नव्हे, तर त्या माणसाचा दिवसही वाचविला असे म्हणता येईल.